नानींचे विमान किती वाजता येईल?

मुलांनो, तुमच्या घरातून किंवा मोहल्ल्यातून कोणी ना कोणी हजला गेलेच असेल. पूर्वी मुंबईहून हाजी जहाजाने जेद्दाला जात. त्या प्रवासाला कित्येक दिवस लागत. १९९५ साली हजची जहाजे बंद झाली. आता हाजी विमानाने काही तासांत पोहोचतात.

समजा, तुमच्या नानी हजला निघाल्या आहेत. तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून सकाळी १० वाजता प्रयाण, जेद्दाला दुपारी १ वाजता आगमन. तुम्ही म्हणाल, "वा! तीनच तासांचा प्रवास!" पण तसे नाही. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे १ अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. सौदी अरेबियाची वेळ ४५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. फरक ३७.५ अंशांचा. त्याला ४ ने गुणा. १५० मिनिटे, म्हणजेच अडीच तास! सूर्य पूर्वेला आधी उगवतो, म्हणून आपले घड्याळ पुढे असते. जेद्दात दुपारचा १ वाजतो, तेव्हा मुंबईत साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे नानींचा प्रवास साडेपाच तासांचा झाला.

मुंबई ते जेद्दा हे सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. विमान आकाशात ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर चार तासांहून थोडे अधिक येतात. मग बाकीचा वेळ कुठे जातो? धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांत विमानाचा वेग कमी असतो. शिवाय त्याला ठरलेल्या हवाई मार्गानेच जावे लागते. हा मार्ग अगदी सरळ नसतो. हिवाळ्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते जाताना विमानाला अडवतात आणि येताना पुढे ढकलतात. म्हणून तेव्हा परतीला कमी वेळ लागतो.

आता नानी परत येत आहेत. विमान जेद्दाहून दुपारी ३ वाजता सुटेल आणि प्रवास पाच तासांचा आहे. घड्याळांतील फरक विसरून तुम्ही रात्री ८ वाजता विमानतळावर गेलात, तर लहान भावंडांसह अडीच तास ताटकळत उभे राहाल. कारण विमान मुंबईत साडेदहाला उतरेल!

रमजानमध्ये दिवसा उमऱ्याला निघालेल्या रोजेदाराचा दिवसही असाच लांबतो. मुंबईत इफ्तार होते, तेव्हा पश्चिमेकडे चाललेल्या विमानातून त्याला सूर्य दिसत असतो. तो जिथे असेल, तिथला सूर्य मावळल्यावरच त्याचा रोजा सुटतो.

तेव्हा मुलांनो, परदेशी फोन लावण्यापूर्वी किंवा कोणाला आणायला निघण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : ही वेळ कोणत्या शहराची?