कांद्याचा भाव आणि डळमळती जागा

लाल कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत त्याला बाजार दाखवावाच लागतो, नाहीतर कोंब फुटतो, सड लागते. केंद्राची निर्यातबंदी आली ती ऐन याच हंगामात, ८ डिसेंबर २०२३ ला. लिलाव बंद पडले. ११ तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शरद पवारांच्या उपस्थितीत रास्ता रोको झाला.

मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं होतं, की थोड्या लोकांचं मोठं नुकसान झालं तर ते एकत्र येतात; पुष्कळांचं थोडंथोडं झालं तर कुणी हलत नाही. त्या हिशेबाने उत्पादकांची सरशी व्हायला हवी. गिऱ्हाइकाचे किलोमागे दहा-वीस रुपये वाचतात, इथे हंगाम बुडतो. संघटना नव्हती म्हणावं, तर १९८६ मध्ये याच चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखाच्या घरात बाया जमल्या होत्या. तरी सरकार कुणाचंही असो, शहरात कांदा कडाडला की निर्यातीवर गदा येते.

अँथनी डाउन्स यांच्या १९५७ च्या मांडणीत याचा उलगडा होतो: पक्ष धोरण आखतात ते मतांसाठी. कांदा खाणारे लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांत पसरलेले, पिकवणारे मोजक्या. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याच्या भावानेही पडलं, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. म्हणून पक्षांची चुरस कितीही असो, त्यातून शेतकऱ्याला वेगळं कांदा धोरण मिळत नाही.

पण अशा हिशेबात सगळ्या जागांचं वजन सारखं नसतं. हक्काच्या जागेसाठी कुणी खर्च करत नाही. डळमळणाऱ्या जागेसाठी करतात. चांदवड ज्यात येतं त्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात २० मे २०२४ ला मतदान होतं. त्याआधी, ४ मे रोजी, बंदी उठली खरी, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तरी तिथे केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, विरोधी पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले.

पुढे राज्याच्या विधानसभेची निवडणूक होती. तिच्या २८८ जागांत कांदा पट्ट्याचा वाटा लोकसभेपेक्षा कितीतरी मोठा. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं. नोव्हेंबरमध्ये चांदवडने भाजपच्या राहुल आहेरांनाच पुन्हा निवडून दिलं. ते कांद्यामुळे की लाडकी बहीण योजनेच्या पंधराशे रुपयांमुळे, हे एका निकालावरून सांगणं धाडसाचं.

उरलेलं २० टक्के शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर उन्हाळ कांद्याची आवक सुरू होऊन भाव उतरले होते.