आतल्या खिशातलं नाव

जुना लष्करी कोट हातात आला की मी छातीवरच्या पदकांच्या फिती नंतर बघतो. आधी हात जातो तो आतल्या खिशात. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी सरकारी भत्ता घेऊन आपल्या शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यायचा. शिंपी खिशाच्या आत दुकानाचं लेबल लावायचा आणि त्यावर शाईनं गिऱ्हाइकाचं नाव नि तारीख लिहायचा. त्या दोन ओळी वाचता आल्या तर कोटाला मालक मिळतो, नाही तर उरतं ते शंभर वर्षांचं लोकरी कापड, कसर लागलेलं.

माझ्याकडच्या एका कोटावर १९१५ साल आहे आणि एक अगदी सर्रास आढळणारं इंग्रजी आडनाव. (नातवंडं असतील, म्हणून ते इथे देत नाही.) आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, त्या आडनावाचे ढीगभर लोक निघाले. मग कोटच उलटापालटा करून पाहिला. बटणांवरून रेजिमेंट कळली. हुद्दा बाहीवर होता. १९२० पर्यंत तीच रीत होती, पण खंदकात शत्रूच्या नेमबाजाला बाहीवरचा हुद्दा लांबूनही दिसायचा, म्हणून कित्येकांनी युद्ध चालू असतानाच तो खांद्यावर चढवला. या गड्यानं चढवला नव्हता.

खरा धागा सापडला तो डाव्या बाहीवर. तिथे दोनेक इंचांची उभी जागा बाकी कापडापेक्षा गडद, आणि तिच्या कडेनं सुईची बारीक भोकं. जखमी झालेल्यांना सोनेरी पट्टी लावायला १९१६ पासून परवानगी मिळाली, ती पट्टी कुणीतरी पुढे उसवलेली. त्याच रेजिमेंटमधले, त्याच आडनावाचे दोन अधिकारी माझ्या यादीत उरले होते. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोघांच्या फायली मागवल्या. जखमेचा वैद्यकीय अहवाल एकाच फायलीत होता.

फाईल सापडणं हे नशीबच. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले, त्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची निम्म्याहून अधिक कागदपत्रं जळाली. उरलेल्यांतल्या कित्येक पानांच्या कडा आजही काळ्या आहेत.

नाव मिळालं की किंमत वाढते, आणि किंमत वाढली की लबाडी आलीच. एका कोटाचं लेबल उसवून दुसऱ्याला लावणं फार अवघड नाही. म्हणून लेबलाच्या कडेचा दोरा अतिनील टॉर्चखाली बघायचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोऱ्यात शुभ्रतेसाठी घातलेली रसायनं असतात, तो निळसर चमकतो. जुना सुती दोरा सहसा मंदच दिसतो. विकणाऱ्यानं सांगितलेली हकिकत कितीही रंगतदार असो, माझा भरवसा दोऱ्यावर.

एक गोष्ट मात्र या छंदात सतत खुपते. मेसोपोटेमियात कूत इथे २९ एप्रिल १९१६ ला जी फौज शरण गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या एखाद्या गोऱ्या साहेबाचा कोट आजही लिलावात निघू शकतो. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या शिपायाचा कोट मी कधी पाहिलेला नाही. तो सरकारी असायचा, विरेपर्यंत अंगावर असायचा, आणि त्याच्या खिशात शिंप्याचं लेबल नसायचं.

शिपायाचं नाव राहिलं ते पदकाच्या कडेवर. १९१४-१८ च्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, आणि त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असतं. शिपाई युद्धात मेला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही मिळतं, अर्थात इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. पण चांदीचं असणंच या पदकाला भोवलं. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव कडाडला तेव्हा अशी कितीतरी पदकं मुशीत गेली.

तेव्हा घरातल्या ट्रंकेत पणजोबांचं पदक असेल तर त्याला ब्रासो लावून घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. क्रमांक भिंगातून वाचून वहीत उतरवा, खाली गाव आणि पलटण लिहा. आणि सराफाकडे नेऊ नका. तो फक्त वजन करील.