मोटारीच्या दारांतील खडखड

पुण्याहून बारामतीस निघालेली मोटार पाटसला सोलापूरचा हमरस्ता सोडून रोटी घाटाकडे वळते. आषाढी वारींत संत तुकाराम महाराजांची पालखीही याच वाटेनें जाते. मोटारींत अभंग लावलेला असतो आणि पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप पडतांच दारांतून खडखड ऐकूं येते. गायकाचे वरचे स्वर स्वच्छ असतात. खर्ज आला कीं आवाज फाटतो. ‘स्पीकर गेला’ असा निकाल देऊन मालक नवी जोडी बसवितो, आणि पुष्कळदां खडखड तशीच राहते. कारण खरा अपराधी दुसराच असतो.

स्पीकरमध्यें लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें व त्याला एक शंकू जोडलेला असतो. 100 हर्ट्झचा स्वर वाजतो तेव्हां तो शंकू सेकंदांत 100 वेळां पुढेंमागें होतो. खर्जासाठीं त्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून हालचालही मोठी होते. घरांतील स्पीकर भक्कम पेटींत बसविलेला असतो. मोटारींत मात्र दार हीच पेटी. आणि तिच्यांत पातळ पत्रा, प्लॅस्टिकचें आवरण, कांच, तारा व कुलपाच्या सळया. यांपैकीं एखादी वस्तु सैल असली आणि तिच्या स्वाभाविक कंपनाशीं वाजणारा स्वर जुळला, कीं ती थरथरूं लागते. यालाच अनुनाद म्हणतात.

परीक्षेसाठीं मोटार सावलींत उभी करून इंजिन बंद करावें. दाराच्या खिशांतील नाणीं, बाटल्या काढाव्यात. आवाज एका वेळीं एकाच दाराकडे वळवावा. मोबाइलवरून 40 पासून 200 हर्ट्झपर्यंतचा स्वर हळूहळू चढवीत न्यावा आणि दुसऱ्यानें आवरणावर, जाळीवर, खिशावर तळहात दाबून पाहावा. जेथें दाबतांच खडखड थांबते, तेथेंच दोष. कांच वरखालीं करतांना आवाज बदलला, तर कांच सैल समजावी. सर्वच दारें केवळ मोठ्या आवाजांत फाटत असतील, तर खर्ज कमी करावा. तेथें ॲम्प्लिफायरवर भार जास्त पडत असतो. रेडिओ बंद असूनही वाटेंत खडखड होत असेल, तर स्पीकर निर्दोष होय.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास आवरण काढावें. शंकू बोटांनीं सर्व बाजूंनीं सारखा, हलकेच दाबावा. आंत घासल्याचें जाणवलें किंवा कडा फाटलेली दिसली, तरच स्पीकर बदलावा. एरव्हीं स्क्रू आवळणें, तुटलेल्या क्लिपा बदलणें, स्पीकरखालीं फोमचें कडें बसविणें आणि तारा व सळयांना नमद्याची पट्टी गुंडाळणें पुरतें. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. तिच्या वजनानें स्वर खालीं उतरतो. दाराच्या पत्र्यावर ब्यूटाइल रबराचा चिकट थर बसविला, कीं पत्राही जड होतो आणि त्याचें कंपन रबरांत जिरतें.

मात्र दाराच्या तळाचीं पाणी निथळण्याचीं भोकें बुजूं देऊं नयेत. बुजल्यास पत्रा गंजतो. आंतील जलरोधक कागद पुन्हां नीट चिकटवावा. ज्या दारांत एअरबॅगचीं यंत्रें असतात, तें दार जाणत्या कारागिराकडेच सोपवावें. बाकी दारांच्या बाबतींत खिशांत हात घालण्यापूर्वीं तो हात दारावर ठेवून पाहणें शहाणपणाचें.