इम्युनोथेरपी घेतलेला रुग्ण आणि वातव्याधीचे निदान

खांदेश्वरपासून दोन स्थानकांवर, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधनसंस्था व तिचे रुग्णालय आहे. साहजिकच खांदेश्वर, कामोठे, पनवेल परिसरातील आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण येतात. त्यांपैकी काहींना आता इम्युनोथेरपी दिलेली असते.

ही चिकित्सा पूर्वी केवळ धनिकांना परवडत असे. टाटा स्मारक रुग्णालयातील वैद्यकांनी २०२२ मध्ये डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडावाटे घ्यावयाच्या अल्पमात्रेतील औषधांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिल्याने एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्रा अल्प, म्हणून खर्चही अल्प.

या औषधांचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या टी-पेशींना निसर्गाने एक लगाम घातलेला असतो. कर्कपेशी त्याचाच लाभ घेऊन बचावतात. औषध हा लगाम सैल करते. मात्र मोकळ्या झालेल्या पेशी कधी त्वचा, आतडे, यकृत वा थायरॉइडवर, आणि क्वचित मज्जासंस्थेवरही उलटतात. मज्जासंस्थेचे गंभीर उपद्रव एकच औषध घेणाऱ्यांत शंभरात सुमारे एकास वा त्याहून कमी जणांस होतात; दोन औषधे एकत्र दिल्यास प्रमाण वाढते. बहुधा पहिल्या काही महिन्यांत ते दिसतात, परंतु उपचार थांबल्यानंतरही उद्भवू शकतात.

पापण्या मिटू लागणे, एकाची दोन दिसणे, गिळताना त्रास होणे, पायांतून वर चढत जाणारे दौर्बल्य, तोंड वाकडे होणे, ज्वरासह भ्रम ही लक्षणे पाहून अर्दित, पक्षाघात वा सर्वांगवात आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हेतू विचारल्याविना निदान पूर्ण होत नाही, ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे. मायस्थेनियासोबत हृदयाच्या स्नायूंचाही दाह असेल, तर काही दिवसांतच श्वास व हृदय धोक्यात येतात. अशा वेळी स्नेहन, स्वेदन, बस्ती यांत आठवडे घालविणे प्राणावर बेतू शकते. रुग्णालयात इम्युनोथेरपी थांबवून स्टिरॉइड, आवश्यक तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव-बदल हे उपाय केले जातात.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी पेशी उपचारांची गोष्ट थोडी निराळी आहे. अशा उपचारांत बहुधा पहिल्या काही आठवड्यांत शब्द न सुचणे, अक्षर बिघडणे, गोंधळणे असे उपद्रव संभवतात. म्हणूनच रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, गेल्या वर्षभरात कर्करोगासाठी सलाइनमधून कोणते औषध घेतले, हे प्रत्येक वातरुग्णास विचारावे. रुग्ण अनेकदा सर्वांनाच 'केमो' म्हणतो; म्हणून कागद पाहावेत. चालू स्टिरॉइड बंद करण्यास सांगू नये. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास 'प्रतिकारशक्तीवर्धक' गुडूची वा अश्वगंधा परस्पर देऊ नये. येथे प्रतिकारशक्ती आधीच बेलगाम झालेली असू शकते.

शंका येताच लक्षणे, आरंभदिन आणि आपण दिलेली औषधे लिहून रुग्णास त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. वेळीच लिहिलेली अशी चिठ्ठी हीही चिकित्साच होय.