*किनाऱ्यावरची वादळं आणि वाडीतल्या झाडांचा हिशोब*



वादळं म्हणजे ओडिशा-आंध्रची, असं आपल्याकडे सर्रास म्हणायचे. पण नोव्हेंबर 2009 ला फयान आलं, 3 जून 2020 ला निसर्ग थेट रायगडात धडकलं, आणि मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच अरबी समुद्राचे वादळी महिने.

निसर्गात श्रीवर्धनकडच्या वाड्यांत सुपारी मधूनच मोडली, नारळ मुळासकट पडले. नवीन सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. मदत जाहीर झाली हेक्टरी 50,000. म्हणजे गुंठ्याला फक्त 500 रुपये! आपल्या वाड्या गुंठ्यांत, झाडं मात्र दाट. मग ओरड झाली आणि शासनाने झाडामागे मदत धरली: नारळ 250, सुपारी 50. तीही तुटपुंजीच म्हणा. पण हिशोब आला झाडांवर.

आता पावसाळा संपत आलाय. ऑक्टोबर लागायच्या आत झाडं मोजून वहीत लिहा. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून वाडीचे फोटो काढा. ई-पीक पाहणीत नारळ-सुपारीची नोंद झाली का, ते सातबाऱ्यावर बघा. तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. वाडी सामायिक असेल तर कोणाची झाडं किती, तेही वेगळं लिहून ठेवा.

– कृषी सल्ला विभाग