किनाऱ्याची वाट पंचांगात असते

मोहालीतून बोलतोय. इथून समुद्र हजार किलोमीटरपेक्षा लांब, आणि आजचा विषय मात्र मालवण ते तेरेखोल, किनाऱ्याकिनाऱ्याने पायी. मागच्या भागानंतर अनेकांनी विचारलं, "सर, डोंगराचं सांगितलंत, समुद्राचं काय?" तर आधी माझी चूक सांगतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत मेहुणा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भोगव्याहून निवतीकडे निघालो. वाटेत जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "सायबानू, आज उधाण आसा. खडपारसून जाव नकात, सड्यारसून जावा." मी हसून पुढे झालो. नकाशा होता, फौजेत आयुष्य गेलं होतं. साडेनऊला किल्ल्याखालच्या खडपावर पोचलो. वीस मिनिटांत पुढची घळ पाण्याने भरली आणि मागची वाटही बंद झाली. एका लाटेने मेहुण्याचे पाय उचलले. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून तो आज आहे. गुडघा फुटला, फोन गेला. दोन तास एका कपारीत चिकटून उभे होतो. पाणी उतरू लागल्यावर बाहेर आलो. दिवस पौर्णिमेचा होता आणि मी पंचांग पाहिलं नव्हतं.

डोंगराची वाट रोज तिथेच असते, किनाऱ्याची वाट दिवसातून दोनदा नाहीशी होते. म्हणून प्लॅनची सुरुवात अंतरापासून नव्हे, ओहोटीपासून करायची.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे 15, म्हणजे सव्वाअकरा. आम्ही साडेनऊला खडपावर, म्हणजे ऐन चढत्या पाण्यात! भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी.

आता हिशेब उलटा मांडा. आपल्याला सकाळी, ऊन चढण्याआधी, ओहोटी हवी. द्वितीयेला भरती पहाटे दीडला, ओहोटी पावणेआठला. षष्ठीला ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. म्हणून मी द्वितीयेला निघतो आणि षष्ठीला संपवतो. पाचही सकाळी ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते.

हा फक्त अंदाज. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेही तिथेच कळतं. निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहा. आकाश निरभ्र असतानाही लांबच्या वादळाच्या लाटा इथे येऊन आपटतात. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

वाट अशी: मालवण, तारकर्ली, देवबाग. मग कर्ली खाडी होडीने ओलांडून भोगवे, निवती, खवणे, केळूस, वायंगणी, वेंगुर्ला, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी आणि शेवटी तेरेखोल. एकूण 60 ते 65 किलोमीटर, रोजचे 12 ते 15. आकडा लहान वाटतो, पण वाळूतले 12 म्हणजे रस्त्यावरचे 18 समजा.

खाडी कधीही चालत ओलांडू नका. गुडघाभर दिसणारं पाणी ओहोटीत माणसाला समुद्राकडे ओढून नेतं. होडी ठरवा, नाहीतर पुलापर्यंत वळसा घ्या. त्यासाठी प्लॅनमध्ये दोन तास मोकळे ठेवा. खडपाचा टप्पा आला की आधी वरच्या सड्याची पायवाट विचारून ठेवा. फौजेत आम्ही शिकलो होतो की परतीची वाट माहीत नसेल तर पुढे पाऊल टाकायचं नाही. मी तेच विसरलो होतो.

पायांचं बघा. किनारा उतरता असतो, त्यामुळे एकच पाय सतत खाली पडतो आणि गुडघा, कंबर धरते. सपाट भाग शोधत चाला. मोज्यातलं मीठ आणि वाळू कातडी सोलते. दुपारी पाय गोड्या पाण्याने धुवा, मोजे बदला. माणशी चार लिटर पाणी, डोक्याला टोपी. मुक्काम गावातल्या घरात करा. वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून रात्री वाळूवर बॅटरी नको, शेकोटी नको.

सराव मी मोहालीजवळ शिवालिकच्या पायथ्याशी सिसवांच्या बाजूला करतो. तिथले 'चो', म्हणजे पावसाळी ओढे, हिवाळ्यात कोरडे असतात. पात्रातल्या वाळूत आठ किलोची सॅक घेऊन दीड महिना चाललं की पोटऱ्या तयार होतात. जायला चंदीगडहून गोवा संपर्क क्रांती आहे, गोव्यात उतरून कुडाळ आणि पुढे एसटी.

शिरोड्याला थोडं थांबा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. शेवटी तेरेखोलच्या किल्ल्यावर चढा. 15 ऑगस्ट 1954 ला, गोवा पोर्तुगीजांकडे असताना, सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला होता. खाली नदी, पलीकडे केरीची वाळू.

दुसऱ्या खेपेला मेहुणा पुन्हा आला, गुडघ्याला पट्टा बांधून. भोगव्याला ते आजोबा भेटले. मी विचारलं, "आज कसं जाऊ?" त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग बोटाने सडा दाखवला. पंचांगात ओहोटी होती, तरी आम्ही सड्यावरूनच गेलो. दीड तास जास्त लागला.

तुमच्या गावाजवळचा किनारा कोणता, तिथली तिथी आणि ओहोटी मांडून पाहा. पुढच्या भागात सॅक भरू. जय हिंद.