कर्जत लोकल, बॉडी क्लॉक आणि आपला स्ट्रेस

आजचा विषय स्ट्रेस आणि रूटीन. घाबरू नका, पहाटे थंड पाण्याने आंघोळ करा वगैरे सांगणार नाहीये.

मी कर्जतचा, सॉफ्टवेअरमध्ये. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. कर्जत ते सीएसएमटी साधारण १०० किलोमीटर, दोन तास तरी जातातच. खोपोलीवाल्यांना त्याआधी लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला यावं लागतं, आणि तिथे गाडी चुकली तर पुढची लगेच नसते. तरी गंमत बघा, मला ताण जास्त येतो घरून कामाच्या दिवशी! लोकल उठायची, निघायची, परतायची वेळ ठरवून देते. घरी रात्री अकरालाही लॅपटॉप उघडाच असतो.

आता यामागचं सायन्स. आपल्या पेशींमध्ये साधारण २४ तासांचं घड्याळ चालतं. ते कसं चालतं हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर सेट होतं. सकाळचं ऊन त्याला पुढे ओढतं, रात्रीचा मोबाईलचा उजेड मागे. रोज साडेपाचला उठणारा माणूस रविवारी साडेदहाला उठला, की सोमवारी अंग कर्जतला आणि घड्याळ लंडनच्या दिशेला! मग चिडचिड होणारच ना.

कल्याणला आपली लाईन फुटते ना, त्यातली दुसरी इगतपुरीला जाते. तिथे गोएंका गुरुजींनी १९७६ साली धम्मगिरी सुरू केलं. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, साडेनऊला दिवे बंद, फोन जमा. मला त्यातली सोय आवडते: कधी उठू, कधी खाऊ, हे ठरवायचं कामच उरत नाही. आपण शिस्त म्हणजे मनाला दामटणं समजतो. मला वाटतं, निर्णय कमी करणं हीच खरी शिस्त.

म्हणून सुरुवात एकाच गोष्टीने करा, उठायची वेळ. सुट्टीलाही तीच, फार तर तासभर इकडेतिकडे. उठल्यावर दहा मिनिटं अंगणात किंवा गॅलरीत, उजेडात. एकदम दोन तास लवकर उठू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. घरून काम असेल तर लॅपटॉप बंद करून बॅगेतच टाका आणि चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवा. नाईट शिफ्टवाल्यांचं गणित वेगळं आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू.

आणि हो, झोप दोन-दोन आठवडे लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर नुसत्या रूटीनच्या भरवशावर राहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आत्ताच सेव्ह करून ठेवा.